नवव्या जागेवरचा हंडा

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. सहासष्टच्या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी आमच्या चाळीच्या नळासमोरच्या रांगेतली दोन भांडी मी फोटोसाठी उचलली, आणि परत ठेवताना एकाच्या जागी दुसरं ठेवलं. एवढंच घडलं. भांडं फुटलं नाही, हरवलं नाही. पण त्या अदलाबदलीचा आळ एका सरळ बाईवर आला आणि चाळीत तिचं जे नाव होतं ते गेलं. खरं काय ते ठाऊक असलेला एकच माणूस त्या वेळी चहाचा कप हातात धरून दारात उभा होता. तो मी. पुढची अकरा वर्षं मी तसाच उभा राहिलो.

तेव्हा आम्ही घाटकोपरला राहायचो, डोंगराच्या पायथ्याशी, दगडाच्या खाणीच्या अलीकडे. बैठी चाळ. समोरासमोर अकरा-अकरा खोल्या, मधे मातीचं अंगण आणि अंगणाच्या टोकाला एक नळ. मी विक्रोळीच्या एका कारखान्यात टाइमकीपर होतो. दिवसभर माणसांची यायची-जायची वेळ लिहायची, उशीर झाला की लाल शाईने खूण करायची. लग्नाला तीन वर्षं झाली होती. कारखान्यातल्या एका ड्राफ्ट्समनने नवा कॅमेरा घेतला तेव्हा त्याचा जुना डबा कॅमेरा मी घेतला. खरोखरच डबा होता तो. डोळ्याला लावायचा नाही, पोटाशी धरायचा. वरच्या बाजूला आगपेटीएवढी काच, मान खाली घालून त्या काचेत बघायचं. फोटो काढला की चावी फिरवायची, मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत. एका रोलमध्ये बारा फोटो. ते बारा मी दोन-दोन महिने पुरवायचो.

आणि काढायचो काय? सत्यनारायणाच्या पूजेला दाराबाहेर पडलेल्या चपला. तारेवर दोन्ही हात वर करून वाळणारे शर्ट, पोलिसांनी पकडल्यासारखे. कांजूरच्या मिठागरातले मिठाचे ढीग, लांबून लग्नाच्या मांडवासारखे दिसणारे. वाण्याच्या तराजूत झोपलेलं मांजर, आणि दुसऱ्या पारड्यात वाण्याने गमतीने ठेवलेलं किलोचं वजन. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपबाहेर लेथवरून निघालेल्या लोखंडी किसाचा ढीग पडलेला असायचा, लांबच लांब कुरळ्या केसांसारखा. तो मी तीन वेळा काढला, तिन्ही वेळा बिघडला. घरून निघून बसस्टॉपपर्यंत जायला पूर्वी सात मिनिटं लागायची, कॅमेरा घेतल्यापासून वीस लागायला लागली. हातात कॅमेरा नसला तरी डोळा चौकटी पाडत राहायचा. कारखान्यात बसून मी विचार करायचो, उद्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याच्या पंक्चरच्या परातीत आभाळ दिसतं का ते बघायचं. या सुखाला फार काही लागत नव्हतं आणि ते माझं एकट्याचं होतं.

चाळीत मात्र त्याची थट्टा व्हायची. मला नावच पडलं होतं फोटोवाले. “फोटोवाले, आमच्या बाळाचा एक काढा ना,” असं कोणी म्हटलं की मी म्हणायचो, रोल संपलाय. खिडकीत आकडा सहा असला तरी म्हणायचो. एकदा सहा नंबरमधल्या बाईने तोंडावर विचारलं, “काय हो, चपला चालतात, मांजर चालतं, माणसंच आवडत नाहीत का तुम्हाला?” सगळ्या हसल्या. मीही हसलो. खरं उत्तर असं होतं की वस्तू पुन्हा विचारायला येत नाहीत. फोटो कसा आला, कधी देणार, माझं नाक असं का दिसतं, हे चपला विचारत नाहीत. माणसाचा फोटो काढला की त्याच्याशी काहीतरी देणं-घेणं लागतं, आणि मला ते नको होतं.

आता नळाचं सांगतो. पाणी दुपारी चारला यायचं आणि तासा-सव्वा तासात जायचं. एक दिवस आमच्या ओळीचा, एक दिवस समोरच्या. जेवणं झाली की प्रत्येक घरातून एक भांडं नळासमोर नेऊन ठेवायचं. रांगेत माणूस उभा राहायचा नाही, भांडं उभं राहायचं. ज्या क्रमाने भांडी, त्या क्रमाने पाणी. नळाची धार शेवटी शेवटी करंगळीएवढी व्हायची, म्हणून पुढची जागा आणि मागची जागा यात दोन बादल्यांचा फरक पडायचा. माणसं घरात झोपलेली, आणि बाहेर उन्हात अकरा भांडी आपापल्या घराच्या वतीने उभी. कोणाचं भांडं कुठलं हे सगळ्यांना पाठ होतं. आमची पोचा आलेली बादली, कोणाची कळशी, कोणाचं अॅल्युमिनियमचं पातेलं. आणि एकच कडक नियम. दुसऱ्याच्या भांड्याला हात लावायचा नाही. लावला तर महिनाभर शेवटचा नंबर.

हा नियम आठ नंबरच्या मावशींनी घातला होता. मालवणकडच्या. यजमान गिरणीत होते, कापसाने छाती गेल्यामुळे घरी बसलेले, आणि मावशी दोन घरी स्वयंपाक करायच्या. सगळी चाळ त्यांना मावशीच म्हणायची. नळाच्या तोटीला कुलूप होतं आणि त्याची चावी मावशींच्या पदराच्या गाठीत. पूर्वी त्या नळावर डोकी फुटली होती म्हणे. मावशींकडे चावी दिल्यापासून आवाज चढला नव्हता, कारण चावी त्यांची असूनही त्यांचा हंडा कधी पहिल्या पाचांत नसायचा. दुपारची दुसरी कामं आटोपून त्या यायच्या आणि जी जागा मिळेल तिथे हंडा ठेवायच्या. तो हंडा मात्र बघण्यासारखा होता. मोठा, पितळी, गळ्याशी सासऱ्यांचं नाव टोचलेला. चिंचेने आणि राखेने असा घासलेला की उन्हात त्याच्याकडे बघवायचं नाही.

त्या रविवारी जेवून मी पडलो होतो. झोप लागेना म्हणून बाहेर आलो. तीन वाजून गेले असतील. अंगणात चिटपाखरू नव्हतं. भांड्यांच्या सावल्या एकीकडे पडल्या होत्या, आणि अकरा भांडी आणि त्यांच्या अकरा सावल्या अशी ती ओळ बघून मी आत गेलो आणि कॅमेरा घेऊन आलो. नळ माझ्या डाव्या हाताला. नळ चौकटीत नको होता म्हणून थोडा सरकलो, काचेत बघितलं, सगळी ओळ बसवली आणि एक फोटो घेतला. तिथेच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

पण काचेत तो हंडा असा चमकत होता! जवळ जाऊन पाहिलं तर त्याच्या पोटात बाकीची सगळी भांडी वाकडी होऊन दिसत होती, खोल्यांची कौलं दिसत होती, आभाळ दिसत होतं. हंडा थोडा उंच हवा होता. शेजारीपाजारी पाहिलं. रांगेत वनस्पती तुपाचा एक रिकामा पत्र्याचा डबा होता, सहा नंबरच्या बाईचा. त्यांच्याकडे जास्तीचं पितळ नव्हतं, नवरा साकीनाक्याला लेथवर खराद्याचं काम करायचा, पदरात दोन लहान मुलं. मी तो डबा उचलला, पुढे आणून पालथा घातला, त्यावर हंडा ठेवला. सात-आठ पावलं मागे जाऊन फोटो घेतला. मग दोन्ही भांडी परत न्यायला गेलो.

रांगेत दोन जागा रिकाम्या होत्या. नळाकडून तिसरी आणि नळाकडून नववी. माझ्या एका हातात हंडा, एका हातात डबा. मी क्षणभर थांबलो आणि आठवलं. काचेत पाहिलेली ओळ डोळ्यांपुढे आणली. त्यात हंडा डाव्या बाजूला होता, अगदी स्पष्ट आठवत होतं. डावीकडे नळ. मी हंडा तिसऱ्या जागी ठेवला, डबा नवव्या जागी ठेवला, आणि काम नीटनेटकं केल्याच्या समाधानाने घरात जाऊन पुन्हा आडवा झालो.

चार वाजता आरडाओरड्यानेच जाग आली. बायको चहाचा कप हातात देत म्हणाली, “नळावर काहीतरी झालंय.” मी कप घेऊन दारात आलो.

मावशी तिसऱ्या जागेवरच्या आपल्या हंड्यापुढे उभ्या होत्या. चावी हातात तशीच. “अगो, माझो हंडो हय खंयसून इलो?” असं त्या स्वतःच विचारत होत्या.

“पाय फुटले असतील त्याला!” सहा नंबरची बाई म्हणाली. “माझा डबा तिसरा होता. मी स्वतः ठेवलाय. पोरं रडत टाकून आले आणि ठेवलाय.”

“होय, माझ्या पुढे डबाच होता,” चौथ्या जागेवालीने सांगितलं. “हंडा नव्हता.”

“बघा! गरिबाचा डबा आहे ना, गंजका. कोणीही उचलावा आणि मागे सारावा. चावी हिच्याकडे, पहिलं पाणी पण हिलाच पाहिजे!”

“गो बाय, मी कित्याक हलवतलंय? माझो हंडो मी मागे ठेवललंय.”

“मग कोणी हलवला? आम्ही सगळ्या झोपलेल्या. आणि काय माहीत, आज दिसलं म्हणून. रोजच होत असेल.”

त्या शेवटच्या वाक्याने घात केला. मला दिसत होतं की प्रत्येकीला आपापला एखादा जुना दिवस आठवतोय, ज्या दिवशी पाणी कमी आलं होतं. मावशींचे यजमान खोकत खोकत उंबऱ्यापर्यंत आले. “माझ्या बायलेन कोणाच्या थेंबाक हात लावूक नाय,” एवढं म्हणाले आणि खोकल्यापुढे त्यांना बोलता आलं नाही.

मी तिसऱ्या जागेवरचा हंडा पाहिला, नवव्या जागेवरचा डबा पाहिला, आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं. कसं चुकलं ते कळलं नाही, पण चूक कोणाची ते कळलं. माझ्यापासून नळ तीस पावलांवर असेल. तोंड उघडायचं होतं, “अहो, मी हलवला हो, फोटोसाठी,” एवढंच म्हणायचं होतं. चार बायका हसल्या असत्या. फोटोवाल्याला महिनाभर शेवटचा नंबर मिळाला असता. पुढच्या होळीला माझं सोंगही निघालं असतं. एवढीच शिक्षा होती. पण त्या हसण्याला मी भ्यालो. टाइमकीपर माणूस, दुसऱ्याच्या उशिरावर लाल खूण करणारा, आणि बायकांच्या भांड्यांशी दुपारी खेळत बसतो. मी चहाचा घोट घेतला. तो घोट मला अजून आठवतो, साखर जास्त झाली होती.

मावशींनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं असेल. मग त्यांनी कुलूप काढलं, आणि चावी सहा नंबरच्या बाईच्या हातात ठेवली.

“मी चोरी करूक नाय,” त्या म्हणाल्या. “पण माझो हंडो हय उभो आसा, ह्यां पण खरां. ही चावी तू ठेव.”

हंडा उचलून, रिकामाच, त्या घरात गेल्या. त्या दिवशी पाणी आठव्या भांड्यानंतर गेलं. भांडी होती तशीच राहू दिली होती; मावशी निघून गेल्या म्हणून डब्याचा नंबर आठवा झाला होता, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

त्या दिवसानंतर मावशींनी रांगेत भांडं ठेवलं नाही. रस्त्यापलीकडच्या चाळीत त्यांच्या गावचं एक घर होतं. तिथल्या सगळ्यांचं भरून झालं की उरलेल्या धारेखाली त्या हंडा लावायच्या आणि डोक्यावर घेऊन चढ चढून यायच्या. आमच्याच नळावरून जावं लागायचं. बायका धारेकडे बघायच्या. मी कारखान्यातून त्याच सुमाराला यायचो तेव्हा चढावर त्या पुढे असल्या तर पाय हळू टाकायचो, म्हणजे गाठ पडू नये.

त्या रोलमधले उरलेले फोटो मी मुद्दाम लांबवले. शेवटी रोल स्टेशनजवळच्या स्टुडिओत धुवायला दिला. फोटो देताना स्टुडिओवाला म्हणाला, “साहेब, घरात बायको नाही का? बादल्यांचे फोटो काढता!” घरी आल्यावर बायकोने पाकीट उघडलं. ती एकेक फोटो बघत होती. एका फोटोवर थांबली. त्यावर बोट ठेवून मोजू लागली.

“अहो, हा त्याच दिवसाचा ना?”

मी शर्टाची बटणं काढू लागलो.

“नळाच्या बाजूने तिसरा डबा आहे. हंडा नववा. मोजा की तुम्ही.” मग तिने पुढचा फोटो पाहिला, डब्यावर ठेवलेला हंडा. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. “जाऊन सांगा,” ती म्हणाली. “आत्ता जा. चहा नंतर घ्या.”

“आता काय उपयोग. महिना झाला. सगळे विसरले.”

“मावशी विसरल्या?”

मी म्हणालो, बघू. रविवारी सांगतो. रविवार आला आणि गेला. बायकोने दोन-तीनदा आठवण करून दिली, नंतर नाही दिली. मात्र कोणी पाहुणे आले आणि फोटो दाखवायची वेळ आली की ती उठून स्वयंपाकाच्या बाजूला जायची. एकदा तिने मावशींना आमच्या जागेवरचं पाणी घ्या म्हणून सांगितलं. मावशी म्हणाल्या, “नको गो. तुझां तुका होवंदे.”

याहून लाजिरवाणी गोष्ट अजून सांगायची आहे. कारखान्यात कामगारांच्या छंदांचं प्रदर्शन भरायचं. मी त्या हंड्याचा फोटो मोठा करून घेतला आणि तिथे लावला. का लावला? फोटो चांगला होता, आणि माझ्या हातून तेवढा चांगला दुसरा निघाला नव्हता, एवढंच. मोठा केल्यावर मला पहिल्यांदा दिसलं की हंड्याच्या पोटात, वाकड्या झालेल्या कौलांच्या मधे, एक बुटका माणूस मान खाली घालून उभा आहे, पोटाशी डबा धरून. मी. बक्षीस देणारे साहेब म्हणाले, काय कल्पना आहे, कलाकाराने स्वतःलाही चित्रात ठेवलंय. टाळ्या पडल्या. बक्षीस म्हणून स्टीलचा पाण्याचा जग मिळाला. त्या काळात घरात स्टील येणं ही कौतुकाची गोष्ट होती, पण बायकोने तो जग वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकला. आम्ही त्यातून कधी पाणी प्यायलो नाही.

चार वर्षांनी मावशींचे यजमान गेले. वर्षभराच्या आत त्या बोरिवलीला पुतण्याकडे राहायला निघाल्या. सामान टेम्पोत चढवायला मी हात लावला. ट्रंक मी उचलली, गादीची वळकटी उचलली. हंड्याकडे हात नेला तर त्या म्हणाल्या, “ऱ्हवांदे, तो माझ्या मांडीर बसतलो.” टेम्पो सुरू झाला. मी सांगणार होतो, खरंच. टेम्पोच्या आवाजात सांगणं बरं दिसलं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. त्या काळात मी स्वतःला पुष्कळ काही सांगत असे.

नंतर आम्हीही विक्रोळीला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये गेलो. घरातच नळ. मी फोटो काढत राहिलो, पण पूर्वीचं सुख त्यात नव्हतं. एखादी गोष्ट डोळ्यात भरली की हात पुढे जायचा आणि थांबायचा. ही कोणाची आहे? मी हलवली तर कोणाचं काय हलेल?

सत्याहत्तर साली मी डोळ्याला लावायचा कॅमेरा घेतला आणि जुना डबा मुलीला दिला. ती दहा वर्षांची. तिला मी कसा धरायचा ते दाखवत होतो. ती काचेत बघत होती, समोर तिची आई भाजी निवडत बसलेली. मुलगी एकदम ओरडली, “बाबा, यात आई डावरी झाली!”

“काचेत उलटं दिसतं,” मी म्हणालो. “डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. सवय होते.” आणि बोलता बोलता थांबलो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. रोज आरशात भांग पाडताना आपण उलट्याचा विचार करत नाही, तसा त्या काचेत बघताना मी करत नसे. त्या दुपारी दोन भांडी हातात घेऊन मी काचेतली ओळ आठवली होती, जमिनीवरची नव्हे. काचेत डावीकडे दिसलेला हंडा खरा उजवीकडे होता.

मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहितो. मला हलकं वाटलं. अकरा वर्षांनी मला कोणीतरी सापडलं होतं जिच्यावर दोष टाकता येईल, ती काच. त्या हलकेपणानेच माझी बोरिवलीला जायची हिंमत झाली. बायको माळ्यावरून फोटोंचं पाकीट काढून देताना एवढंच म्हणाली, “दोन्ही न्या.”

मावशी पुतण्याच्या घराच्या मागच्या खोलीत बसल्या होत्या. खूप बारीक झालेल्या. डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. “फोटोवालो! ये रे झिला, बस.” हंडा कोपऱ्यात होता, त्यात तांदूळ भरून ठेवले होते, वर परात झाकलेली. अजून तसाच घासलेला. मी आधी मोठा फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला.

“बाय माझे! माझो हंडो!” त्या हसल्या. “बघ कसो लखलखता. तेव्हा हातात बळ होतां.” मग बोट फिरवत फिरवत हंड्याच्या पोटाशी थांबल्या. “आणि हयसर हो कोण वाकललो?”

“मी.”

मग मी सगळं सांगितलं. रविवार, दुपार, पालथा डबा. काचेत कसं उलटं दिसतं हे सांगताना मी जरा जास्तच वेळ घेतला. हातवारे करून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“म्हणजे त्या काचेन हंडो उलटो दाखवल्यान,” त्या म्हणाल्या.

“हो मावशी.”

“बरां. आणि मगे तुझां तोंड कोणी बंद केल्यान?”

मी खाली बघितलं. आयुष्यभर मान खाली घालून काचेत बघायची सवय, पण त्या खोलीत बघायला काच नव्हती, फरशी होती.

“मावशी, मला माफ करा,” मी म्हणालो.

त्यांनी फोटो माझ्या हातात परत दिला. रागावल्या नव्हत्या, आवाज चढला नव्हता. “माका कित्याक सांगतंस? मी हलवूक नाय, ह्यां माका तेव्हाच म्हायत होतां. जेंका म्हायत नाय, तेंका जावन सांग. घोव माझो त्याच घोरान गेलो रे. चाळीतसून तेका न्हेलां तेव्हा खांद्याक चारच माणसां इली.” त्यांनी हंड्यावरची परात नीट बसवली. “मी काय थंय येवचंय नाय. तू जा. सांगान झालां की मगे हो फोटो माका हाडून दी. आधी नको.”

चहा त्यांनी केला. मी प्यायलो.

पुढच्या रविवारी मी घाटकोपरला गेलो. मुद्दाम चारच्या आत पोचलो. चाळ तीच, कौलांवर पत्रे आले होते. नळ तोच. रांगेत आता पितळ दिसत नव्हतं, लाल-निळ्या प्लास्टिकच्या बादल्या होत्या. बायका जमू लागल्या होत्या. बऱ्याच जुन्या, दोन-तीन नव्या सुना. सहा नंबरच्या बाईचे केस पिकले होते, चावी अजून तिच्याकडेच होती, कमरेला.

“अगं बाई, फोटोवाले!” ती म्हणाली. “आज वाट चुकलात की काय? बादल्या प्लास्टिकच्या झाल्यात हो आता. फोटो चांगला नाही यायचा.”

सगळ्या हसल्या. अकरा वर्षांपूर्वी मी ज्या हसण्याला भ्यालो ते हेच. ऐकायला काही एवढं वाईट नव्हतं.

मी ओळीचा फोटो तिच्या हातात दिला. तिने लांब धरून पाहिला. बाकीच्या तिच्या खांद्यावरून वाकल्या. “हा माझा डबा!” ती म्हणाली. बोटाने मोजलं. “एक, दोन, तीन. बघा, मी म्हणत नव्हते? तिसराच होता. आणि हा मावशींचा हंडा…” बोट पुढे सरकत गेलं. “नववा.” तिने मान वर केली. “हा कधीचा फोटो? त्याच दिवसाचा?”

“त्याच दिवसाचा. भांडणाच्या तासभर आधीचा.”

“मग हंडा हलवला कोणी?”

मी दुसरा फोटो दिला आणि हंड्याच्या पोटातल्या माणसावर बोट ठेवलं. काचेचं एक अक्षर बोललो नाही. माझा आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला, मागच्या खोल्यांपर्यंत गेला असावा.

“मी हलवला. फोटोसाठी. तुमचा डबा पण मीच उचलला आणि परत ठेवताना चुकलो. मावशींनी कधीच कोणाच्या भांड्याला हात लावला नव्हता. तुम्ही भांडत होता तेव्हा मी त्या दारात उभा होतो, मला सगळं ठाऊक होतं, आणि मी भ्यालो. त्यांनी चावी सोडली ती माझ्यामुळे, चार-पाच वर्षं डोक्यावरून पाणी आणलं ते माझ्यामुळे. मी त्यांची माफी मागितली आहे, पण ती इथे मागायला हवी होती, तेव्हाच. तुमचीही मागतो. माझी चूक झाली.”